जुनी ४०७ समोरून दबलेली दिसते – समोर कोणते पाटे (लीफ स्प्रिंग) टाकू?

काळीमाती

राम राम मंडळी. मी राळेगाव तालुक्यातला, जिल्हा यवतमाळ. मागच्या दिवाळीत एक जुनी टाटा ४०७ घेतली, २००६ चं मॉडेल. इंजिन चांगलं आहे, केबिन सडलेली नाही, पण गाडी उभी केली की समोरून दबलेली आणि मागून उचललेली दिसते. हौदावर पाणी प्यायला मान खाली घातलेल्या बैलासारखी.

दिसण्यापुरतं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण वडकीहून हिंगणघाटकडे हायवेवर ५०-६० च्या वर गेलो की स्टेअरिंग हलकं पडतं आणि गाडी रेषेत राहत नाही. सारखं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करत राहावं लागतं. ब्रेक मारला की नाक आणखी खाली जातं. पोती भरलेली असली तर समोर केबिनकडे सरकून येतात.

नागपूरचा एक पाटेवाला म्हणतो, समोर जास्त कमानीचा सेट टाका आणि वर एकेक पाटा वाढवा, गाडी सरळ बसेल. गावातला मिस्त्री म्हणतो, सेट कशाला, लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारा हलता दुवा) लावून देतो, अर्ध्या दिवसाचं काम. माझा माल कापूस, सोयाबीन, तूर. उन्हाळ्यात कधी शेणखत. समोर कोणते पाटे घ्यावे, किती कमानीचे, कोणी सांगेल का?

पाटेमिस्त्री

भाऊ, पाटे घेऊ नका. आधी टेप घ्या.

तीस वर्षं झाले मले हे काम करून. १० गाड्या येतात समोरून दबल्या म्हनून, त्यातल्या ५-६ गाड्याईचा समोरचा पाटा चांगला राहाते. मागचाच वाढवलेला राहाते. तुमची गाडी जुन्या मालकानं कायले वापरली ते माहीत हाये का? रेती का सिमेंट? रेतीवाला पह्यले मागं एक पाटा टाकते, मंग दुसरा टाकते. गाडी इकून टाकते, पाटे तसेच राहातात.

मागच्या सेटमधले पाटे मोजा. दोन्ही बाजूचे. फोटो टाका.

काळीमाती

मिस्त्री काका, जुना मालक वणीकडचा होता, काय भरायचा ते विचारलं नव्हतं. मोजतो. पण मोजायचं नेमकं कुठून? जमिनीपासून बंपरपर्यंत टेप लावली तर दरवेळी वेगळा आकडा येतो.

गेजपट्टी

येणारच, कारण तुम्ही टायर, हवा आणि अंगणाचा उतार हे सगळं एकत्र मोजताय. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक ट्रेडला शिकवायचो, आता निवृत्त आहे. मुलांना ज्या पद्धतीनं करायला लावायचो ती सांगतो.

गाडी पक्क्या सिमेंटच्या जागेवर घ्या. बाजार समितीचा ओटा किंवा जिनिंगचं अंगण चालेल, शेतातलं खळं नको. सगळ्या टायरांत ठरलेली हवा भरा. डिझेल टाकी निम्म्याच्या वर असू द्या. गाडी १० मीटर पुढे-मागे करा, डाल्यावर (मागच्या हौद्यावर) दोघं चढून तीन-चार वेळा उड्या मारा, म्हणजे पाट्यांमधलं घर्षण सुटून गाडी तिच्या खऱ्या उंचीवर बसते. हँडब्रेक लावू नका, चाकाला लाकडी ओट लावा. हँडब्रेक ओढलेला असला तर मागचा ॲक्सल अडकून राहतो आणि आकडा खोटा येतो.

आता प्रत्येक चाकाच्या हबच्या मध्यापासून सरळ वर चेसिसच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. चार आकडे मिळतील. यात टायर येत नाही, जमीन येत नाही, येतो तो फक्त पाटा. त्यातून डावं-उजवं कळेल आणि पाटा बसलाय का तेही कळेल.

गाडी समोर-मागे किती कललीय हे बघायला गवंड्याची पाण्याची नळी घ्या. पारदर्शक नळी, तिच्यात पाणी, मध्ये हवेचा एकही बुडबुडा नको. एक टोक समोरच्या चाकाच्या वर चेसिसला, दुसरं मागच्या चाकाच्या वर चेसिसला. दोन्हीकडच्या पाण्याच्या रेषेपासून चेसिसची कड किती खाली-वर आहे ते मिलिमीटरमध्ये लिहा. गवंडी याच नळीनं घराचं जोतं काढतो. गाडीसाठी यापेक्षा भरवशाचं साधन गावात मिळणार नाही.

हे सगळं दोनदा करायचं. एकदा गाडी रिकामी आणि एकदा तुमचा नेहमीचा माल भरून. दुसरा आकडा नसेल तर पहिल्याचा उपयोग नाही.

जीपवाला_पुसद

मध्येच विचारतो, माफ करा. माझी महिंद्राची एमएम ५४० जीप आहे, दोन्ही ॲक्सल सलग, चारही कोपऱ्यांत पाटे. समोर लोखंडी बंपर आणि विंच बसवल्यापासून नाक दीडेक इंच खाली आलंय. मागचं जसंच्या तसं. लांब शॅकलनं भागेल का?

पाटेमिस्त्री

भागन, पन चुकीचं भागन. शॅकल जितका लांब कराल त्याच्या अर्धीच गाडी उचलते, काहून की शॅकल पाट्याच्या एकाच टोकाले राहाते, दुसरं टोक पिनवर जागच्या जागी राहाते. तुम्हाले दीड इंच पाह्यजे तर शॅकल ३ इंच वाढवा लागन. येवढा लांब शॅकल आडवा डोलते. वळनावर गाडी पायाखालून सरकल्यावानी वाटते. बुश दोन महिन्यात खल्लास.

गेजपट्टी

त्यात भर घालतो, कारण काळीमातींनाही गावच्या मिस्त्रीनं हेच सुचवलंय.

शॅकल लांब केला की पाट्याचं ते टोक चेसिसपासून खाली जातं, पाटा तिरपा होतो आणि त्याच्याबरोबर ॲक्सलही फिरतो. शॅकल समोरच्या पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर ॲक्सलचा वरचा भाग पुढे झुकतो, म्हणजे कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे किंगपिनचा, म्हणजे समोरचं चाक ज्या पिनभोवती वळतं तिचा, मागे झुकलेला कोन. सायकलचा समोरचा फोर्क तिरपा असतो म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते, तसंच हे. तो कोन कमी झाला की वळणानंतर स्टेअरिंग आपोआप परत येत नाही आणि गाडी हायवेवर भटकते. काळीमातींची गाडी आधीच भटकतेय. तिला पुढच्या टोकाचा लांब शॅकल लावणं म्हणजे दुखणं वाढवणं.

शॅकल मागच्या टोकाला असेल तर उलटं होतं, कॅस्टर वाढतो. म्हणून गाडीखाली वाकून शॅकल कुठे आहे ते पाहिल्याशिवाय कोणाचंही ऐकू नका.

जीपवाले, तुमच्या बाबतीत वजन खरोखर वाढलंय आणि ते कायम राहणार आहे. तुम्हाला समोरचा पाटा कडकच हवा. विंच आणि बंपर वजन करून घ्या. पाटेवाल्याला "दीड इंच वर करून द्या" असं सांगू नका. "समोर इतके किलो वाढलेत, एवढ्या उंचीवर बसायला हवी" असं सांगा.

वऱ्हाडी_पोरगा

सर, कडक पाटा आणि उंच पाटा यात फरक काय? पाटा वाढवला की गाडी वर येतेच ना?

गेजपट्टी

फरक आहे, आणि सगळा गोंधळ तिथूनच होतो. जरा सविस्तर लिहितो.

पाट्याची कमान किती दिलीय त्यावर गाडी किती उंचीवर बसेल ते ठरतं. पाटा किती जाड, किती रुंद, किती लांब आणि किती संख्येनं, यावर तो किती किलोला किती दबेल ते ठरतं. जुन्या, बसलेल्या पाट्याला पुन्हा कमान दिली तर गाडी वर येते पण कडकपणा जवळजवळ तेवढाच राहतो. एक पाटा वाढवला तर गाडी वर येते आणि कडकही होते, म्हणजे दोन्ही गोष्टी एकदम बदलतात. माणसाला बहुतेक वेळा त्यातली एकच हवी असते.

कडकपणा संख्येच्या प्रमाणात वाढतो. ८ सारख्या पाट्यांत नववा घातला तर साधारण आठव्या हिश्श्यानं. पण जाडी बदलली तर तो घनाच्या प्रमाणात वाढतो. ६ मिलिमीटरच्या जागी ७ मिलिमीटरचा पाटा घातला तर तो एकच पाटा जवळजवळ ५९ टक्के जास्त कडक होतो. डोळ्यांना १ मिलिमीटर दिसत नाही, गाडीला कळतो. लांबीचंही तसंच, उलट्या दिशेनं. लांब पाटा मऊ, आखूड पाटा एकदम ताठ. दुकानात "सेम साइज" म्हणून दिलेला पाटा घेण्याआधी व्हर्नियर (जाडी मोजायचं बारीक माप) लावा. रुंदी, जाडी, सेंटर बोल्टपासून (सगळे पाटे एकत्र ओवणारा बोल्ट) दोन्ही डोळ्यांपर्यंतची (टोकांच्या गोल वळ्यांपर्यंतची) लांबी, तिन्ही बघा. सेंटर बोल्ट दरवेळी मधोमध नसतो. पाटा उलटा बसला तर ॲक्सल पुढे किंवा मागे सरकतो.

ज्या पाट्याच्या गाडीत पाटा ॲक्सलच्या वर बसतो तिथं आणखी एक गोष्ट. खालून घातलेला जादा पाटा स्वतःच्या जाडीएवढी गाडी उचलतोच. १० मिलिमीटर जाड असेल तर १० मिलिमीटर तिथंच गेले. कमान आणि कडकपणा त्यानंतर.

संत्राबाग

मोर्शीकडे आमची संत्र्याची बाग आहे. सासरे गेल्यापासून गाडीचा हिशोब मी बघते, म्हणून हा धागा पूर्ण वाचला. माझा अनुभव सांगते, कोणाच्या तरी कामी पडेल.

आमच्या पिकअपला तीन वर्षांपूर्वी मागं एकेक पाटा वाढवला होता. भरली की शेपूट खाली जायची आणि रात्री समोरच्याच्या डोळ्यात आपले लाइट जायचे, म्हणून. आम्ही भरतो साधारण ५५ ते ६० क्रेट, एका क्रेटला २० किलो धरा. पाटा वाढवल्यावर गाडी भरूनही सरळ दिसायला लागली, आम्ही खूश.

मग आंबिया बहाराची तोड सुरू झाली आणि बाजारातून फोन येऊ लागले की खालच्या क्रेटमधली फळं दबलेली आहेत, देठाजवळ मऊ पडलीत. आधी मला वाटलं तोडणारे चुकतायत. बायका बदलल्या, क्रेटमध्ये खाली कागद घातला, क्रेट कमी भरले, तरी तेच. शेवटी मी एक दिवस स्वतः डाल्यात मागच्या चाकाच्या वर क्रेटला टेकून बसले, आणि बागेपासून डांबरी रस्त्यापर्यंतचा पांदण रस्ता तसाच केला. सव्वा किलोमीटर. गाडी दबतच नव्हती. प्रत्येक दगडाला क्रेट तळापासून उडायचा आणि खाली आपटायचा, माझ्या हाताखालची फळं मला एकमेकांवर आदळताना कळत होती.

दुसऱ्याच दिवशी पाटा काढून टाकला. कंपनीचा हेल्पर पाटा (गाडी भरल्यावरच टेकणारा) होता, त्याची रबरं झिजली होती, ती बदलली. डाल्यात क्रेट आधी मागून भरायचे, आता केबिनकडून सुरू करतो आणि मागचा फूटभर मोकळा ठेवतो. भरल्यावर शेपूट अजूनही जराशी खाली जाते, पण पूर्वीइतकी नाही, आणि लाइट खाली करून घेतलेत. फळ चांगलं पोचतं.

काळीमाती दादा, तुमचा कापूस दबला तरी काही बिघडत नाही, पण तुम्हीही भरलेल्या गाडीचाच हिशोब धरा. रिकामी गाडी सरळ दिसावी म्हणून पैसे घालू नका.

काळीमाती

ताई, मनापासून आभार. डाल्यात बसून पाहायचं मला सुचलं नसतं.

मी आज मोजलं. जिनिंगच्या अंगणात, गवंडी मित्राची नळी घेऊन. आधी रिकामी, मग तिथंच ४० पोती सोयाबीन भरून, ५० किलोचं पोतं, म्हणजे २ टन.

हब ते चेसिस, रिकामी: समोर डावी आणि उजवी यात १८ मिलिमीटरचा फरक. उजवी, म्हणजे ड्रायव्हरची बाजू, खाली. मागं दोन्ही सारखे, २-३ मिलिमीटरचा फरक.

नळीनं: रिकामी असताना मागं १३० मिलिमीटर उंच. २ टन भरल्यावर मागं ६५ मिलिमीटर उंच. म्हणजे भरूनही नाक खालीच.

समोरच्या आणि मागच्या चाकातलं अंतर सुमारे ३ मीटर.

मागचे पाटे मोजले, पण त्यातल्या एकाच्या गंजाचा रंग वेगळा आहे. बाकीचे काळे-तपकिरी, हा लालसर, आणि त्याच्या टोकांचा आकारही वेगळा कापलेला. दोन्ही बाजूला.

पाटेमिस्त्री

तोच तो. म्हटलं ना.

मागं जादा पाटा हाये, दोन्हीकडं. रेती नाई तर सिमेंट. रंग वेगळा म्हनजे नंतर टाकला, टोक वेगळं म्हनजे कंपनीचा नाई.

आन् समोर ड्रायव्हर साइडले १८ एमएम खाली म्हनजे तिकडं एखादा पाटा तुटला हाये नाई तर बुश गेलं. वरून दिसत नाई. क्लिपपाशी नाई तर सेंटर बोल्टपाशी तुटते, तिथं मातीनं झाकून राहाते. वायर ब्रशनं घासा, मंग घासलेट लावून पुसा, थोड्या वेळानं चिरेतून ओल बाहेर येते. तिथं बोट ठेवा.

टायर कोनते हाये?

काळीमाती

मागं ७.५०-१६, चारही रिमोल्ड. समोर ७.००-१६. घेतली तेव्हापासून असेच आहेत.

गेजपट्टी

हे महत्त्वाचं आहे. ७.०० आणि ७.५० यांच्या व्यासात साधारण ३ सेंटिमीटरचा फरक असतो, म्हणजे ॲक्सलची उंची दीड सेंटिमीटरनं बदलते. तुमच्या १३० मधले १५ मिलिमीटर नुसत्या टायरचे आहेत. पाट्याचा त्याच्याशी संबंध नाही.

तुमचे आकडे मी असे वाचतो. २ टनांनी गाडीचा तिरपेपणा ६५ मिलिमीटरनं बदलला. जादा पाटा काढला तर मागचा सेट मऊ होईल, हा बदल ७५ च्या आसपास जाईल. तुम्हाला भरलेली गाडी सरळ हवी असेल, किंवा मागं जेमतेम १ सेंटिमीटर उंच, तर रिकामी गाडी मागं ७५-८५ मिलिमीटर उंच उभी राहिलीच पाहिजे. ती तिची खोट नाही. ओझं वाहणारी गाडी तशीच बांधलेली असते. रिकामी सरळ केलीत तर भरल्यावर शेपूट ७-८ सेंटिमीटर खाली बसेल आणि लाइट आभाळात जातील.

आता १३० वरून ८५ वर यायचंय, ४५ कमी करायचेत. १५ टायर देतील. ३० जादा पाटा काढून मिळायला हवेत. पाट्याची जाडी ८-१० मिलिमीटर, वर त्याची कमान आणि कडकपणा गेला, ३० मिळणं अगदी शक्य आहे. समोर काहीही उचलायची गरज दिसत नाही, फक्त ड्रायव्हर बाजूचं दुखणं शोधा.

आणि तुमच्या भटकणाऱ्या स्टेअरिंगचंही उत्तर यात आहे. ३ मीटरवर ५० मिलिमीटर म्हणजे जवळपास १ अंश. मागून गाडी गरजेपेक्षा ४५ मिलिमीटर जास्त उचललेली असल्यानं समोरचा कॅस्टर तेवढाच कमी झालाय. मागचं खाली आणलं की तो न मागता परत मिळेल.

वऱ्हाडी_पोरगा

सर, मागं काढण्यापेक्षा समोर ४५ नं उचललं तर? कोन तर तोच येईल, आणि पांदणीत गाडी वरून जाईल. आमच्याकडे पावसाळ्यात काळ्या मातीत डिफरन्शियल (मागच्या ॲक्सलमधला गोळा) घासतं.

गेजपट्टी

कोन तोच येईल, पण सोबत बाकी खूप काही येईल. समोर ४५ नं उचललं की स्टेअरिंगची ड्रॅग लिंक, म्हणजे चाक वळवणारी दांडी, तिरपी होते. मग प्रत्येक खड्ड्यात पाटा वर-खाली झाला की स्टेअरिंगला हिसका बसतो. ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो, शॉकअपची लांबी अपुरी पडून ते पूर्ण उघडून ठोके खातात. कापूस भरलेली गाडी आधीच उंच असते, ढीग केबिनच्या वर जातो, ती ४५ नं आणखी वर गेली तर वळणावर जास्त झुकते. आणि डिफरन्शियल ॲक्सलच्या सोबत आहे, पाटे कितीही उंच केले तरी ते जमिनीपासून तेवढंच राहतं. ते उचलतं फक्त मोठं टायर. चिखलात घासण्यावर पाट्याचा उपाय नाही.

जीपवाला_पुसद

मागं उंची हवी असेल तर ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये लोखंडी ठोकळा घालतात ना? मी एका गाडीला समोर घातलेला पाहिलाय.

पाटेमिस्त्री

समोर कधीच नाई. ब्रेक मारला की समोरचा ॲक्सल फिराले पाहाते, ठोकळा त्याची लिव्हर बनते. सटकला तर स्टेअरिंग हातात राहाते आन् चाक कुठं. मागं एक चालते, बराबर बसवलेला, पाटा ॲक्सलले बांधनारे लांब यू बोल्ट नवे टाकून. एकावर एक दोन ठोकळे मागंही नाई. आन् लाकडाचा तर कोनीच घालू नये, मी तोही पाह्यला हाये.

वाडीनाका

नागपूरला वाडीत ट्रान्सपोर्टचं काम करतो. दोन गोष्टी, कोणी बोललं नाही म्हणून.

काही पिकअपला मागच्या ॲक्सलपासून चेसिसवरच्या एका व्हॉल्व्हला दांडी जोडलेली असते, एलएसपीव्ही म्हणतात. गाडी भरून मागं दबली की ती दांडी वर सरकते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. पाटे वाढवून मागचं उचललं की व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामीच वाटते. भरलेल्या गाडीला मागचा ब्रेक कमी लागतो. पाट्यात काहीही बदल केला तर ती दांडी कंपनीच्या मापानं पुन्हा लावून घ्या.

दुसरं, पाटा वाढवल्यानं पासिंगचं वजन वाढत नाही. आरसीवर जे आहे तेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल करू देत नाही. ओव्हरलोडला कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० असा दंड आहे. ८ वर्षांवरच्या माल वाहतुकीच्या गाडीला फिटनेस दरवर्षी लागतं, तुमची त्यात येते. तुटलेला पाटा घेऊन जाऊ नका.

काळीमाती

सापडलं.

समोर ड्रायव्हर बाजूचा सेट खोलला. मुख्य पाट्याच्या खालचा दुसरा पाटा सेंटर बोल्टच्या छिद्रातून आडवा पूर्ण तुटलेला. दोन तुकडे यू बोल्टनं दाबून धरलेले होते, म्हणून वरून अखंड दिसत होता. तुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग काळा पडलेला आणि निम्मा चकचकीत. मिस्त्री म्हणाला, काळा भाग जुना, वर्षभर आधी चिरलेला, आणि चकचकीत आत्ताचा. म्हणजे मी सगळा हंगाम यावरच गाडी चालवली. लहान मुलगा बऱ्याच वेळा सोबत होता केबिनमध्ये. रात्री झोप लागली नाही मला.

आता हा एकच पाटा बदलायचा की सेट? इथला मिस्त्री म्हणतो तुटलेला वेल्डिंग करून देतो.

गेजपट्टी

वेल्डिंग अजिबात नको. कृपा करून नको.

पाट्याचं पोलाद साधं लोखंड नाही. आपल्याकडे ईएन ४५ सारखं सिलिकॉन-मँगनीजचं पोलाद वापरतात. साधारण ९०० अंशांपर्यंत तापवून तेलात विझवतात, मग ४५०-५०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवून चिवटपणा आणतात. लोहार ज्याला पाणी देणं म्हणतो ते हेच, फक्त मापानं. वेल्डिंगच्या टाक्यापाशी ते पाणी उतरतं आणि शेजारी काचेसारखी ठिसूळ पट्टी तयार होते. पाटा तिथूनच जातो. गॅसच्या ज्योतीनं लाल करून कमान देणंही तसंच, आठवड्यात बसतो किंवा तुटतो. कमान द्यायची तर पूर्ण पाटा भट्टीत जाऊन पुन्हा पाणी दिलेला हवा.

पाटेमिस्त्री

एकच पाटा बदला, त्याच जाडीचा, त्याच लांबीचा. पन दोन्ही बाजूचे दुसऱ्या नंबरचे पाटे जोडीनं बदला, म्हनजे डावं-उजवं सारखं बसन. बाकीचे बराबर असले तर सेट कायले? बुश चारही नवे. सेंटर बोल्ट नवा. यू बोल्ट नवे, जुना यू बोल्ट एकदा ताणला की तानून गेला, तो परत पकड देत नाई. खोललंच हाये तर सगळे पाटे घासून गंज काढा, मधात ग्राफाइटचं ग्रीस लावा. गंजलेले पाटे एकमेकाईले धरून बसतात, गाडी विनाकारन ताठ होते.

यू बोल्ट गाडी चाकावर उभी असतानी कसा. जॅकवर नाई. चारही थोडे थोडे, चौकटीत. मंग पह्यली भरलेली खेप झाली की परत कसा. पाटे बसतात, बोल्ट ढिले होतात. सेंटर बोल्ट काई पाटा धरून ठेवत नाई, धरते यू बोल्ट. तो ढिला राह्यला की पाटा सेंटर बोल्टच्या छिद्रातूनच तुटते. तुमचाही असाच तुटला असन.

संत्राबाग

दादा, लेकराचं वाचून पोटात धस्स झालं. बरं झालं वेळेवर सापडलं. आमच्या ड्रायव्हरला मी आजच दोन्ही सेट घासून बघायला सांगितलंय.

जीपवाला_पुसद

मीही खोललं. माझे पाटे अखंड आहेत, पण बंपर-विंच वजन केलं तर ७२ किलो भरलं. मिस्त्री काकांचं ऐकून शॅकल रद्द. पाटेवाल्याला ७२ किलो आणि दीड इंच असं लिहून दिलं, तो म्हणाला असं लिहून कोणी देत नाही. सेट तयार होतोय.

काळीमाती

१२ दिवसांनी लिहितोय, कापूस वेचणीत अडकलो होतो.

समोर दोन्ही बाजूंचे दुसऱ्या नंबरचे पाटे नवे, बुश, सेंटर बोल्ट, यू बोल्ट नवे. मागचे दोन जादा पाटे काढले. समोर ७.५०-१६ चे दोन टायर घातले. मागच्या जादा पाट्याची जाडी व्हर्नियरनं ९ मिलिमीटर आली. नागपूरच्या समोरच्या सेटला नाही म्हणून कळवलं.

पुन्हा जिनिंगच्या अंगणात, तीच नळी, तीच जागा, तीच ४० पोती.

समोर डावं-उजवं आता ४ मिलिमीटरचा फरक. नळीनं रिकामी ८८ मिलिमीटर मागं उंच. २ टन भरून १४.

हायवेवर वडकीपासून हिंगणघाटपर्यंत भरून नेली. स्टेअरिंग वळणानंतर आपोआप मध्ये येतं. पोती जागची हलली नाहीत. पांदणीत आधी दात वाजायचे, आता गाडी दबून जाते. रिकामी अजूनही मागून उंच दिसते, पण आता मला ते खटकत नाही, भरली की ती कशी बसते ते मी पाहिलंय.

गेजपट्टी सर, मिस्त्री काका, ताई, तुम्ही नसता तर मी समोर सेट टाकून, तुटलेला पाटा खाली तसाच ठेवून फिरलो असतो.

पाटेमिस्त्री

१४ एमएम, मस्त बसली. यू बोल्ट परत कसले का?

काळीमाती

कसले काका. बाजारातून माल उतरवून परत आलो तेव्हाच. समोरचा ड्रायव्हर बाजूचा पाव आटा आवळला गेला, बाकीचे जरा जरा. पुढच्या आठवड्यात आणखी एकदा पाना लावतो.